भाडेकरूंचं क्रिमिनल बॅकग्राउंड स्क्रीनिंग: न्यू जर्सीतल्या घरमालकाचा काही महिन्यांचा अनुभव

न्यू जर्सीत आमचं एक टू-फॅमिली घर आहे. आम्ही तिथे राहत नाही, वरचा आणि खालचा दोन्ही मजले भाड्याने देतो. गेल्या हिवाळ्यापासून अर्जदारांची तपासणी एका ऑनलाइन स्क्रीनिंग सेवेतून करतोय. सेवेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही कुठलीही सेवा घेतलीत तरी खालच्या गोष्टी बघाव्याच लागतील.

सोय चांगली आहे. अर्जदाराला लिंक जाते, सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) तो स्वतः भरतो आणि आपल्याला तो दिसत नाही. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज आणि बिलं फेडण्याचा इतिहास, लगेच येतो. त्याबद्दल तक्रार नाही.

गुन्ह्यांच्या नोंदींकडे मात्र नीट लक्ष द्या. 1 जानेवारी 2022 पासून न्यू जर्सीत फेअर चान्स इन हाउसिंग कायदा लागू आहे. उत्पन्न, क्रेडिट, आधीच्या घरमालकाचा अनुभव हे सगळं पाहून आधी लेखी कंडिशनल ऑफर, म्हणजे अटींवर घर देण्याचा प्रस्ताव, द्यायची आणि मगच गुन्ह्यांची नोंद उघडायची. त्याआधी विचारता येतात त्या दोनच गोष्टी: लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत आजन्म नोंद आहे का, आणि सरकारी मदतीच्या घरात मेथ (मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ) बनवल्याबद्दल शिक्षा झाली आहे का. मालक स्वतः राहतो अशा चार किंवा कमी युनिटच्या इमारतींना यातून सूट आहे. आम्हाला ती मिळत नाही.

आमच्या सेवेत सगळा रिपोर्ट सुरुवातीला एकदमच उघडत होता. सेटिंगमध्ये खोलवर एक पर्याय आहे, तो चालू केला की गुन्ह्यांचा भाग ऑफर दिल्याची नोंद करेपर्यंत बंद राहतो. या राज्यात तो आपोआप चालू असायला हवा. मी हे कंपनीला लेखी कळवलं. उत्तर गोड आलं, बदल अजून झालेला नाही.

त्याहून मोठी तक्रार सेवा स्वतःच देते त्या शिफारशीची. रिपोर्टच्या माथ्यावर लाल (नकार द्या) किंवा हिरवा (होकार द्या) शेरा येतो आणि डोळा तिथेच थांबतो. कायदा मात्र बरंच काही विचारतो. पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर, श्रेणीचा गुन्हा असेल तर सहा वर्षं मागे जाता येतं, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीला चार, चौथ्या श्रेणीला एक. हा काळ दोष सिद्ध झाल्यापासून मोजायचा, तुरुंगवास झाला असेल तर सुटकेपासून. खुनासारख्या मोजक्या गुन्ह्यांना ही मुदत नाही. नुसती अटक झाली आणि दोष सिद्ध झाला नाही, किंवा नोंद कोर्टाने पुसली, तर ती विचारातच घ्यायची नाही. शिवाय गुन्हा किती गंभीर होता, तेव्हा माणसाचं वय काय होतं, नंतर तो कसा राहिला, हेही बघायचं. यातलं काहीच त्या लाल शेऱ्यात दिसत नाही. आता मी शेरा सोडून थेट नोंदीच वाचते.

आणि नोंद तरी त्याच माणसाची असते का? उन्हाळ्यात एका अर्जदाराच्या रिपोर्टात दुसऱ्या राज्यातली ड्रग्जची शिक्षा दिसली. नाव-आडनाव तेच, पण मधलं नाव नाही, जन्मतारखेत फक्त वर्ष. आपल्याकडच्या काही आडनावांची माणसं अमेरिकेत हजारोंनी आहेत, तेव्हा एवढ्यावर कुणाला घर नाकारायचं? आम्ही नोंद त्याला दाखवली. त्याने फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली (अशा रिपोर्टांवरचा केंद्रीय कायदा) स्क्रीनिंग कंपनीकडे आक्षेप नोंदवला आणि नोंद काढली गेली. तोवर घर रिकामं ठेवलं, भाडं बुडालं, पण तो माणूस आज आमच्याकडे राहतो आणि मला त्याचं समाधान आहे. हा प्रकार नवा नाही. 2018 मध्ये रिअलपेज या स्क्रीनिंग कंपनीने अशाच ढिल्या जुळणीच्या आरोपावरून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेशी तडजोड करून 30 लाख डॉलर भरले. 2020 मध्ये अॅपफोलिओ या दुसऱ्या कंपनीने चुकीच्या आणि जुन्या नोंदींच्या आरोपावरून 42.5 लाख डॉलर भरले.

अशा सेवा ‘नॅशनल सर्च’, म्हणजे देशभरच्या नोंदींचा शोध, असं म्हणतात त्या शब्दावर फार विसंबू नका. एफबीआयची यादी खाजगी घरमालकाला मिळत नाही. या सेवांचा डेटाबेस वेगवेगळ्या कोर्टांतून आणि सरकारी खात्यांतून जमवलेला असतो. काही काउंटी (राज्यातले जिल्हे) त्यात नसतात, काही नोंदी शिळ्या असतात. नोंद सापडली तर त्या काउंटीच्या कोर्टाकडून तपासून घेण्याचा वेगळा पर्याय असतो. त्याला काही दिवस लागतात, तरी मी तो घेतेच.

नकार द्यायचाच असेल तर लेखी, कारणासकट. अर्जदार तीस दिवसांत आपण वापरलेली कागदपत्रं मागू शकतो. पहिल्या उल्लंघनाचा दंड हजार डॉलरपर्यंत, पुढे तो वाढत जातो. सेवेतलं नकाराचं तयार पत्र क्रेडिटसाठी ठीक आहे, पण त्यात न्यू जर्सीच्या कायद्याचा उल्लेख नव्हता, म्हणून आम्ही वकिलाकडून वेगळा मसुदा करून घेतला.

वर्गणी पुढे चालू ठेवतोय, क्रेडिट आणि कागदपत्रांच्या सोयीसाठी. घेणाऱ्यांनी विक्रेत्याला आधी दोन प्रश्न विचारा: नाव जुळवताना पूर्ण जन्मतारीख पाहता का, आणि पुसलेल्या नोंदी डेटाबेसमधून किती दिवसांत काढता? आमच्या कंपनीने पहिल्याचं उत्तर दिलं. दुसऱ्याचं मी अजून मागतेय.