कुळागरात तंबू, चार बॅटऱ्या आणि शेवटी जमलेला उजेड

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रिशियन वगैरे नाही, गोव्यात फोंड्याला ऑफिसात खुर्ची झिजवतो आणि चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की महिन्यातून एकदा तरी सत्तरी तालुक्यात मित्राच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, तंबू टाकतो. चार-पाच जण असतो, कधी बायकामुलं पण. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही, आणि तसंही कुळागरच बरं, बाजूला व्हाळ (ओढा), वर पोफळी, मित्राचे बाबा सकाळी चहा घेऊन येतात, अजून काय पाहिजे. फक्त एक आहे, पोफळीच्या खाली काळोख म्हणजे काळोख. संध्याकाळी साडेसहालाच पायाखालचं दिसेनासं होतं आणि तिथे पानांच्या थरात काय पहुडलंय ते न बघता पाय टाकायचा म्हणजे घोणशीला आमंत्रण. त्यामुळे लाइट हा आमच्याकडे शोभेचा विषय नाही.

तीन सीझनमध्ये चार प्रकारच्या बॅटऱ्या झाल्या. दोन फुकट गेल्या, एक फोनच्या कामाला लागली, एक आवडली. रिव्ह्यू त्या आवडलेल्या बॅटरीचा आहे, पण आधीच्या तिघींचं रडगाणं ऐकल्याशिवाय ती का आवडली ते कळणार नाही, तेव्हा थोडं सहन करा.

पहिला ऑनलाइन मागवलेला कंदील. आत १८६५० नावाचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत असायचा तोच. त्यावर छापलं होतं ९९०० एमएएच (मिलिअँपियर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). मी खूश! दीड तासात कंदील मेला. मग वाचल्यावर कळलं की त्या आकारात चांगल्यातली चांगली कंपनीसुद्धा साधारण ३५०० च्या पुढे जात नाही, म्हणजे ९९०० हा आकडा बघूनच परत पाठवायला हवा होता. अजून एक गंमत, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, माझा किचनच्या काट्यावर ठेवला तर ३१. बायको म्हणाली वांगी तरी निवडून घेतोस, हे का नाही घेतलंस.

दुसरी २०००० एमएएचची पॉवर बँक. ही खोटी नव्हती, पण यातला हिशेब दुकानदार सांगत नाहीत. ते २०००० आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात, म्हणजे एकूण ७४ वॉट-अवर (वॉट गुणिले तास), आणि यूएसबीचे ५ व्होल्ट करताना थोडं वाया जाऊन हातात १२-१३ हजारच्या आसपास येतात. तेही चाललं असतं, पण हिची खरी खोड वेगळी. करंट फार कमी ओढला की पॉवर बँकेला वाटतं फोन चार्ज झाला, आणि ती स्वतःहून बंद होते. आमचा रात्री तंबूबाहेर ठेवायचा छोटा लाइट एकदम कमी वॉटचा, तो दर अर्ध्या मिनिटाने विझायचा. मित्राची मुलगी पाच वर्षांची, तिने तीनदा "काका लाइट गेली" म्हणून उठवलं, चौथ्यांदा मी झोपेचं सोंग घेतलं.

तिसरी यूपीएसमध्ये असते ती काळी ठोकळ्यासारखी बॅटरी, १२ व्होल्ट ७ एएच (अँपियर-तास, एक एएच म्हणजे १००० एमएएच), लेड-ॲसिड. स्वस्त, कुठेही मिळते, जुनी देऊन नवी घेता येते. वजन मात्र दोन किलोच्या वर, स्कूटरच्या पायाशी ठेवून चोर्ल्याच्या बाजूला नेली तेव्हा प्रत्येक स्पीडब्रेकरला माझ्या पायाच्या अंगठ्यावर. पण खरा वांधा असा की ते ७ एएच मिळतात ते बॅटरी २० तासात सावकाश संपवली तर, म्हणजे जेमतेम ०.३५ अँपियरने. आम्ही ओढत होतो २ अँपियर, मग ७ कुठले मिळायला. शिवाय लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे वापरायला उरले तीनेक. आणि व्होल्टेज हळूहळू पडत जातं तशी एलईडी पट्टी मंद मंद होत जाते, नऊ वाजता जेवायला बसेपर्यंत सगळ्यांचे चेहरे आजारी दिसायला लागायचे.

तरी मी तिलाच चिकटून राहिलो असतो, पण मे महिन्यात शेवटचा कॅम्प केला, आलो, अर्धी उतरलेली तशीच कपाटाखाली सरकवली आणि विसरलो. जून ते सप्टेंबर गोव्यात बूटसुद्धा हिरवे होतात, बॅटरीची काय कथा. ऑक्टोबरमध्ये काढली तर ९ व्होल्ट. रात्रभर चार्जरला लावली, १२.५ दाखवते, लाइट जोडली की दहा मिनिटात खलास. लेड-ॲसिड उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग ती चार्ज घेतच नाही. चूक माझीच, तिला भरून ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी परत भरायची असते, पण पावसात हे लक्षात कोण ठेवतो!

तर आता मुद्द्याची बॅटरी. म्हापशात बाजाराच्या मागच्या गल्लीत एक छोटं दुकान आहे, इन्व्हर्टर आणि ई-स्कूटरच्या बॅटऱ्या रिपेअर करतात, पुढे काउंटर, मागे सोल्डरिंगचा धूर. मी गेलो आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं मला सगळ्यात मोठी लिथियम द्या. दुकानदार पन्नाशीचे, चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुका लायट पेटोवपाक जाय, काय घर चलोवपाक?" मग खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर हिशेब मांडायला लावला, किती वॉटचे दिवे, किती तास. आमचा एक ५ वॉटचा १२ व्होल्टवाला बल्ब स्वयंपाकाच्या जागी, तीन मीटर एलईडी पट्टी तंबूंमध्ये, ती मीटरला ४.८ वॉट खाते म्हणजे १४ च्या वर, पण डिमर लावून निम्म्यावर ठेवतो म्हणजे ७. दोन्ही मिळून १२ वॉट, पाच तास, म्हणजे ६०. त्यानंतर रात्रभर तो एक वॉटचा छोटा, सात तास, अजून ७. एकूण ६७ वॉट-अवर. ते म्हणाले मग १२.८ व्होल्ट ६ एएच घे, ७६.८ होतात, एका रात्रीला पुरे, दोन रात्री राहणार असशील तर १२ एएच. मी आयुष्यात पहिल्यांदा एमएएच न बघता बॅटरी घेतली.

ही लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी म्हणतात. एकेक सेल ३.२ व्होल्टचा, असे चार एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडले की १२.८. त्यांच्याच दुकानात जोडलेला पॅक, निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, दिसायला अजिबात रुबाब नाही, आत बीएमएस नावाचं संरक्षण सर्किट. वजन एक किलोच्या आत, सॅकच्या बाजूच्या खिशात जाते. २६०० रुपये पडले आणि १४.६ व्होल्टचा वेगळा चार्जर ६०० ला. जुन्या लेड-ॲसिडच्या तिप्पट दर, पण ही हजार-दोन हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसते असं या प्रकाराबद्दल सगळीकडे धरलं जातं, आम्ही वर्षाला सात-आठ कॅम्प करणार, म्हणजे बॅटरीच्या आधी माझे गुडघे जाणार.

घरी वॉटमीटर लावून पूर्ण उतरवून बघितली, ५.७ एएच निघाले. छापलेल्यापेक्षा जरा कमी, पण त्या ९९०० वाल्या महाशयांच्या मानाने हे म्हणजे साधुसंत. आणि उजेड! संध्याकाळी सातला जसा तसाच रात्री अकराला, कारण एलएफपीचं व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या आसपास टिकून राहतं.

पण याच गुणाने डिसेंबरमध्ये माझी फजिती केली. जुनं बघून बघून डोक्यात होतं की संपत आली की लाइट मंद होईल, तेव्हा आवरू. आदल्या रात्री वापरून घरी चार्ज केली नव्हती, विसरलो. साडेनऊला वहिनी भाताची पेज गाळत होत्या, टोप कलता, वाफ तोंडावर, आणि खटकन सगळं काळं. मंद नाही, लुकलुकणं नाही, काही नाही. बीएमएसने कापलं. पेज अर्धी मातीत, थोडी माझ्या चपलेत, वहिनींनी टोप सोडला नाही हे नशीब. बॅटरी नंतर घरी चार्जर लावल्यावरच जागी झाली. तेव्हापासून पिशवीत एक छोटा व्होल्टमीटर असतो, लाइट चालू असताना १२.८ च्या खाली गेला की मी बल्ब बंद करून फक्त पट्टी ठेवतो. त्या चार दांड्या दाखवणाऱ्या स्वस्त इंडिकेटरवर मात्र जाऊ नका, बरेचसे लेड-ॲसिडच्या मापाने बनवलेले असतात, एलएफपीवर बराच वेळ फुल्ल दाखवतात आणि मग एकदम शून्य.

बारीकसारीक गोष्टी सांगतो. वायरीत प्लसच्या बाजूला ५ अँपियरचा फ्यूज टाका, बीएमएस असला तरी. चार्जरला लावलेली असताना पट्टी चालू ठेवू नका, १४.६ व्होल्टला ती नको तेवढी गरम होते. जुना लेड-ॲसिडचा चार्जर मी आता वेगळ्या खोक्यात टाकलाय म्हणजे चुकून हात जायला नको. गाडीच्या सॉकेटमधून थेट वायर काढून चार्ज करायचा प्रकार आमच्यातल्या एकाने सुचवला, दुकानदारांनी डोक्याला हात लावला, मध्ये व्होल्टेज जुळवून देणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. सोलरचं खूळ पण करून झालं, २० वॉटचं पॅनल मित्राने आणलं, उघड्यावर बरं असेल, पण कुळागरात ऊन येतं ते ताटलीएवढं आणि दर दहा मिनिटांनी सरकतं, आम्ही दुपारभर पॅनल घेऊन त्याच्यामागे फिरलो आणि मिळालं काय तर कपाळ.

बल्ब पिवळाच घ्या. ऑक्टोबरात पांढऱ्या लाइटखाली शागुती वाढली की अर्ध्या ताटात किड्यांचं संमेलन भरतं, पिवळ्याला कमी येतात. आणि किनाऱ्यावर जाणाऱ्यांना एक हात जोडून विनंती, गालजीबाग, आगोंद, मोरजी, मांद्रे इथे थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं बाहेर पडली की जिकडे जास्त उजेड तिकडे जातात, समुद्र समजून. तिथे तुमची पट्टी चमकवू नका, कितीही भारी बॅटरी असली तरी.

तक्रारी म्हणाल तर दोन. बॅटरीला हँडल नाही, आणि वॉरंटी म्हणजे बिलाच्या मागे पेनने लिहिलेलं "१ वर्स". दोन रात्रींना ६ एएच पुरत नाही, त्यांनी आधीच सांगितलं होतं, मी चिंधीपणा केला. पाचपैकी चार देईन. एकदा डीसी जॅक ढिला झाला होता, पाच मिनिटात सोल्डर करून दिला आणि पैसे घेतले नाहीत, तेव्हा साडेचार.

पावसाळ्यात हिला लेड-ॲसिडच्या उलट ठेवायचं, पूर्ण भरून नाही, निम्म्यावर. मी तांदळाच्या जुन्या डब्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकण लावून ठेवली होती, टोकांना थोडं व्हॅसलीन. ऑगस्टमध्ये काढली तर १३.१, जशीच्या तशी. पण तिचा डबा उघडला तो कॅम्पसाठी नव्हेच, चवथीच्या आदल्या रात्री लाइट गेली आणि माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) अर्धी बांधून झाली होती. आईने विचारलं ती तुझी जंगलातली पट्टी कुठाय. तेव्हापासून बॅटरी देवघराच्या बाजूच्या फळीवर आहे, आणि मला आता १२ एएचवाली घ्यायला म्हापशाला जायचंय.