ओपनडब्ल्यूआरटीचं एसक्यूएम: फुकट आहे, पण आकडे नीट भरा

एकाने बॅकअप लावला की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो. दोष बहुधा स्पीडचा नसतो, मोडेममध्ये डेटाच्या फुगलेल्या रांगेचा असतो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत फर्मवेअरमधलं एसक्यूएम (रांग सांभाळणारी सोय) ती रांग राउटरमध्ये आणतं आणि 'केक' हे त्यातलं रांग लावणारं तंत्र तिची वाटणी करतं. हे काम ते फार चोख करतं.

इंटरफेस वॅनचाच, म्हणजे इंटरनेटकडे जाणारा, निवडा. स्पीड केबल लावून मोजा आणि त्याच्या ८५ ते ९५ टक्के आकडा भरा. मोजणी ४० एमबीपीएस आली तर ३६ पासून सुरुवात करा. पूर्ण ४० भरलेत तर रांग पुन्हा मोडेमकडे जाते, मग सगळंच व्यर्थ. अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायांत इन्ग्रेसला (डाउनलोड) 'नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट', इग्रेसला (अपलोड) 'नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट' लिहा. घरातली उपकरणं वेगळी ओळखायला लावणारं 'नॅट' लिहायचं राहून गेलं तर आयपीव्ही४ वर सगळी उपकरणं केकला एकच वाटतात, आणि वीस कनेक्शन उघडणारा टोरंटवाला बाकीच्यांचा घास पळवतो.

हार्डवेअर ऑफलोडिंग (डेटा प्रोसेसरला वळसा घालून परस्पर पुढे पाठवणं) बंद ठेवा, नाहीतर एसक्यूएमला तो दिसतच नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो, म्हणून जुना राउटर वेगवान फायबरवर धापा टाकतो.

वायफायच्या हवेतलं भांडण मात्र याने मिटत नाही. १५०० बाइटची फ्रेम (डेटाचा तुकडा) ३०० एमबीपीएसला ०.०४ मिलिसेकंद हवा अडवते, कोपऱ्यातला ६ एमबीपीएसचा फोन तब्बल २. त्यासाठी एअरटाइम फेअरनेस (हवेतल्या वेळेची समान वाटणी) लागतं, आणि ते वायफाय चिपच्या ड्रायव्हरवर अवलंबून: अ‍ॅथ९के, एमटी७६ या ड्रायव्हरांमध्ये आहे. राउटर घेण्याआधी चिपसेट बघा, अँटेना मोजू नका.