दुबईचं ऊन की पर्थचं?

दुबईत मी 2011 ते 2018 राहिलो आणि 2019 च्या जानेवारीपासून पर्थमध्ये आहे. त्यामुळे एका हातात दुबईचं ऑफर लेटर आणि दुसऱ्या हातात ऑस्ट्रेलियाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, अशी अवस्था झालेली मंडळी अधूनमधून फोन करतात. पगार, टॅक्स, शाळेची फी हा हिशोब त्यांनी आधीच मांडलेला असतो आणि तो माझ्यापेक्षा नीट असतो. मी त्यांच्याशी उन्हाबद्दल बोलतो. दोन्ही शहरांचे फोटो सारखेच निळे येतात, पण उन्हाचा जाच दोन्हीकडे वेगळा आहे. आपल्या घराला त्यातला कुठला झेपेल, ते आधी बघावं असं मला वाटतं.

माझं काम एसीचं, म्हणून सुरुवात तिथून. दुबईत आमच्या टॉवरला डिस्ट्रिक्ट कूलिंग होतं. थंड पाणी बाहेरच्या प्लांटमधून यायचं आणि बिलात वापराशिवाय एक ठरलेला आकार असायचा. सुट्टीत घर दीड महिना बंद ठेवलं तरी तो चालूच. घर घेताना भाड्याइतकीच याचीही चौकशी करा. दुसरी गोष्ट पाण्याची. गच्चीवरची टाकी इतकी तापते की जून ते सप्टेंबर नळाचं ‘थंड’ पाणी अंगावर घेववत नाही. जुने लोक पहिल्याच उन्हाळ्यात सांगतात, गीझर बंद करून टाका. मग गीझरमधलं पाणी घरातल्या थंडाव्यात निवतं आणि लाल खुणेच्या नळाला गार पाणी येतं, निळ्या खुणेच्या नळाला कढत. याची सवय होते. आम्हालाही झाली.

सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची.

2017 चा जुलै होता. मुलगी पाच वर्षांची. रात्री पाय दुखतात म्हणून रडायची आणि मी तेल चोळत बसायचो. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तर ड जीवनसत्त्व 11 निघालं, म्हणजे फारच कमी. बायकोचंही तपासलं, ते 9. एवढ्या उन्हाच्या देशात हे कसं, असं आम्ही विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या की हे इथे रोजच बघते, कारण ऊन बाहेर असतं आणि माणसं आत. थेंब लिहून दिले आणि मुलीला रोज थोडा वेळ उन्हात न्या म्हणाल्या. पण न्यायचं कधी? दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी तिला खाली घेऊन गेलो. लॉबीचं दार उघडलं आणि चष्म्यावर वाफ धरली. पाच मिनिटांत तिचा फ्रॉक अंगाला चिकटला, तोंड लालबुंद झालं, आणि ती काही न बोलता लिफ्टकडे वळली.

वाढदिवसाला घेतलेली तिची सायकल मे महिन्यापासून बाल्कनीत उभी होती. शेवटी ती घेऊन आम्ही दुसऱ्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जायला लागलो. हिरव्या रंगाची गुळगुळीत जमीन, नंबर लिहिलेले खांब, गाड्यांचा धूर. तिथले दिवे सेन्सरवर चालायचे. ती लांबच्या टोकाला पोचली की माझ्या बाजूचे दिवे विझायचे, मग मी दोन्ही हात हलवत धावायचो की परत उजेड व्हायचा. माझी मुलगी सायकल अशी शिकली. वॉचमन भला माणूस होता. चार दिवस त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं. पाचव्या दिवशी अगदी अजिजीने म्हणाला, साहेब, वरून तक्रार आली आहे, कुणाच्या गाडीखाली यायची. त्याचं बरोबरच होतं. सायकल परत बाल्कनीत गेली. पीआरचे कागद आम्ही त्याच ऑक्टोबरात भरले.

दुबईवर अन्याय करायचा नाही मला. नोव्हेंबर ते मार्च तिथे हवा इतकी सुरेख असते की पर्थमध्येही मला तिची आठवण येते. खाडीवरून अब्राने, म्हणजे लाकडी होडीने, पलीकडे जायचं, झबील पार्कमध्ये डबे उघडून बसायचं, थंडीत आई तीन महिने यायची. दिवसभर ऑफिसात असणाऱ्या, लहान मूल नसलेल्या जोडप्याला उन्हाळ्याचा एवढा जाच कदाचित होणारही नाही. उन्हात खरे भाजून निघतात ते साइटवरचे लोक. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, आणि ती हवीच. पण साडेअकराला स्लॅबवर उभं राहिलेल्या माणसाला विचारा. त्यांच्यापुढे माझी तक्रार काहीच नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

आता पर्थ. इथलं ऊन बाहेर बोलावतं आणि मग चावतं. पहिल्याच महिन्यात आम्ही कॉटेस्लोच्या किनाऱ्यावर दोन तास बसलो. हवा 26 अंश, वर गार वारा, ऊन लागतंय असं वाटलंच नाही. रात्री मानेला आणि पायांच्या वरच्या बाजूला आग सुरू झाली आणि आठवड्याने कातडीचे पापुद्रे निघाले. इथे तापमान बघून भागत नाही, यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, आकडा बघायचा. 3 किंवा त्याच्या वर असेल तर टोपी आणि क्रीम, आणि उन्हाळ्यात दुपारी तो 12 च्याही पुढे जातो. शाळेत टोपी नसेल तर मैदानावर खेळू देत नाहीत. आपल्या सावळ्या कातडीला धोका कमी हे खरं, पण काहीच नाही असं नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठेपर्यंत तिघांपैकी दोघांना कसला ना कसला त्वचेचा कर्करोग निघतो. ऑफिसातल्या शेजाऱ्याच्या कानामागचा तीळ काढल्यावर मीही वर्षातून एकदा तपासून घेतो.

दुसरा त्रास कुणी सांगत नाही, तो थंडीचा. घरं दुहेरी विटांची, पण खिडक्यांना एकेरी काच आणि दाराखाली बोटभर फट. जुलैत पहाटे बाहेर 8 अंश आणि आमच्या बैठकीच्या खोलीत 13. पुण्यातली माणसं याला हसतात, पण पुण्यात चार दिवस कडाका पडतो, इथे तीन महिने घरातल्या घरात पायमोजे उतरत नाहीत. घर बघताना एक लक्षात ठेवा. इथे दुपारी सूर्य उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या खिडक्यांची बैठक हिवाळ्यात उबदार राहते, दक्षिणेची ओलसर. वास्तूचे भारतातले आडाखे इथे जसेच्या तसे लावू नका. पश्चिमेची झोपण्याची खोली तर नकोच.

बाकी माशा आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर त्या डोळ्यांत आणि नाकात शिरतात. वणवे आहेत. 2021 च्या फेब्रुवारीत शहराच्या ईशान्येला वूरलूच्या वणव्यात 86 घरं जळाली. इथल्या बऱ्याच घरांत असतो तो छतावरचा डक्टवाला कूलर, आणि तो बाहेरची हवा आत खेचतो, म्हणजे धूरही. अशा दिवशी तो बंद ठेवून उकाडा सोसायचा. परवडत असेल तर किमान एका खोलीत स्प्लिट एसी बसवून घ्या. कामाचं म्हणाल, तर ‘लोकल एक्स्पीरियन्स’ नाही म्हणून माझे सात महिने गेले आणि सुरुवात दोन पायऱ्या खालून झाली.

आणि अंतर. यात दुबई सरळसरळ वरचढ आहे, वाद नाही. दुबईहून मुंबई तीन तास, शुक्रवारी निघून लग्न लावून परत येता यायचं. पर्थहून सिंगापूर किंवा क्वालालंपूर करत अख्खा दिवस जातो. कोविडात पश्चिम ऑस्ट्रेलियाने बंद केलेली सीमा पूर्ण उघडली ती 3 मार्च 2022 ला. मधल्या काळात माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. दुबईचे माझे दोन मित्र त्या लग्नाला जाऊन आले. आम्ही तिघं लॅपटॉपसमोर नवे कपडे घालून उभे राहिलो आणि अक्षता टीव्हीच्या टेबलावर टाकल्या. त्या तांदळाचे दाणे पुढे कितीतरी दिवस सापडत होते. आईवडिलांना कायमचं आणावं म्हटलं, तर साध्या पालक व्हिसाची रांग सुमारे 30 वर्षांची, आणि लवकरच्या मार्गाची फी डोळे फिरवणारी. ज्यांचे आईवडील एकटे आहेत आणि थकले आहेत, त्यांनी हा मुद्दा माझ्यापेक्षा जड धरावा. त्यांना मी दुबईच सुचवेन.

बाकीच्यांसाठी मात्र माझं मन इकडे झुकतं, आणि त्याचं कारण इथली संध्याकाळ. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, त्याला इथले लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. दुपारी 38 अंश असले तरी तो आला की मुलं सायकली काढतात. 2022 च्या जानेवारीत सलग 6 दिवस पारा 40 च्या वर राहिला, असं शहरात पूर्वी कधी झालं नव्हतं. त्या दिवसांत वाराही वेळेवर येईना. आम्ही पडदे ओढून आत बसलो, तेव्हा मुलीने विचारलं, बाबा, आपण परत दुबईत आलो का? ते 6 दिवस होते. तिकडे निदान चार महिने धरा.

आणखी एक, तसं किरकोळ. दुबईत बाल्कनीत कपडे वाळत घालायला पालिकेची मनाई. एवढं रणरणतं ऊन असून आमचे कपडे हॉलमध्ये स्टँडवर, एसीच्या हवेत कुबट वास धरत वाळायचे. आई तिकडे आली की म्हणायची, एवढ्या उन्हाचं तुम्ही करता तरी काय? इथे परसात खांबावर फिरणारी दोरी आहे, जाड चादर दीड तासात कडक होते. सीमा उघडल्यावर आई पहिल्यांदा आली ती जानेवारीत. दुसऱ्याच दिवशी तिने गहू भिजत घातले. परसात जुनी चादर अंथरून कुरडया घातल्या, माशांसाठी वर मच्छरदाणी लावली, आणि मुलगी टोपी घालून दिवसभर राखण करत बसली. संध्याकाळी कुरडया चादरीवरून सुटून आल्या.

ठरवण्याआधी जमल्यास दोन्हीकडे जाऊन या, पण जुलैतच जा. दुबईत दुपारी नको, सकाळी सात वाजता मुलाला खाली बागेत घेऊन जा. पर्थमध्ये ओळखीच्या कुणाच्या घरी मुक्काम करा आणि पहाटे उठून घरभर अनवाणी फिरा.