पेसमेकर-कोरोसिंक क्लस्टर : एका पावसाळ्यानंतर फेलओव्हर सेटिंगविषयी

सांगलीच्या गावभागातील एका पतसंस्थेत दोन लिनक्स सर्व्हरांचे क्लस्टर (एक बंद पडल्यास दुसऱ्याने काम घ्यावे अशी जोडणी) उन्हाळ्यापासून चालू असून त्याची देखभाल माझ्याकडे आहे. कोरोसिंक सर्व्हरांचा आपसांतील संपर्क सांभाळतो आणि पेसमेकर कोणती सेवा कोठे चालवायची ते ठरवतो. डीआरबीडीची (दोन्ही सर्व्हरांवर सारखीच प्रत ठेवणारी) डिस्क, पोस्टग्रेस डेटाबेस आणि शाखांची काउंटरे ज्याला जोडलेली आहेत तो व्हर्च्युअल आयपी (सेवेसोबत सर्व्हर बदलणारा नेटवर्क पत्ता), ही तिन्ही एका वेळी एकाच सर्व्हरवर आणि याच क्रमाने चालू होतात. पावसाळाभर वापरल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की फेलओव्हर, म्हणजे सेवा दुसऱ्या सर्व्हरवर जाणे, किती झटपट होतो यापेक्षा, तो होण्यापूर्वी जुना सर्व्हर खात्रीने थांबवला गेला की नाही, हेच महत्त्वाचे आहे.

ही खात्री देणारी सोय म्हणजे स्टॉनिथ : ती बिघडलेला किंवा संपर्क तुटलेला सर्व्हर सक्तीने बंद करते, यालाच फेन्सिंग म्हणतात. ती मुळात चालू असते आणि फेन्सिंगचे साधन दिल्याशिवाय पेसमेकर सेवा सुरूच करत नाही, म्हणून अनेक जण ती बंद करण्याचा सल्ला देतात. आर्थिक व्यवहारांच्या ठिकाणी हा सल्ला कोणीही मानू नये. संपर्क तुटताच दोन्ही सर्व्हर स्वतःला मुख्य समजून नोंदी घेऊ लागले, तर डीआरबीडी दोन्हीकडच्या नोंदी नंतर एकत्र करू शकत नाही. एका बाजूच्या नोंदी टाकून द्याव्या लागतात.

मात्र केवळ आयपीएमआयवर (सर्व्हर दुरून बंद-चालू करणाऱ्या त्याच्यातीलच यंत्रणेवर) विसंबणे आमच्याकडे पुरेसे नव्हते. पावसात वीज जाणे नित्याचे आहे, आणि एखाद्या सर्व्हरचा यूपीएसही बंद पडला तर त्याचा आयपीएमआयही मृत होतो. मग फेन्सिंग यशस्वी झाल्याची पावती मिळत नाही आणि दुसरा सर्व्हर धडधाकट असूनही सेवा सुरू न करता थांबून राहतो. त्याचे हे थांबणे योग्यच आहे. त्यावर उपाय म्हणून पहिल्या पातळीवर आयपीएमआय आणि दुसऱ्या पातळीवर एसबीडीचा वॉचडॉग (सर्व्हरला स्वतःहून रीसेट करणारा टायमर) ठेवला, आणि कोरमसाठी, म्हणजे निर्णयाला लागणाऱ्या बहुमतासाठी, मिरज शाखेतील साध्या संगणकावर क्यूनेटडी हा मत देणारा प्रोग्रॅम बसवून तिसरे मत घेतले. एकाकी पडलेला सर्व्हर ५ सेकंदांत स्वतःला रीसेट करतो, आणि उरलेला १० सेकंद थांबूनच पुढे जातो. मिरजेची लाइन तुटली तरी येथील दोन मते बहुमताला पुरतात. क्यूडिव्हाइस (असे बाहेरचे मत) घेतल्यावर टू-नोड हे दोनच मतांच्या क्लस्टरसाठीचे सेटिंग काढावे लागते, हे लक्षात ठेवावे.

कोरोसिंकच्या ३.१ आवृत्तीपासून टोकनची मुदत (संपर्क तुटला असे मानण्यापूर्वी वाट पाहण्याची वेळ) १ ऐवजी ३ सेकंद आहे. आम्ही ती ५ केली, शिवाय स्विचवरील मार्गाच्या जोडीला सर्व्हरांमध्ये थेट केबल टाकली. त्यानंतर विनाकारण फेलओव्हर झालेला नाही.

स्टॉप टाइमआउटकडे फारसे कोणी पाहत नाही. सेवा ठरलेल्या मुदतीत थांबली नाही, तर पेसमेकर तो सर्व्हरच फेन्स करतो. व्याज आकारणीच्या रात्री पोस्टग्रेसला बंद होण्यापूर्वी मोठा चेकपॉइंट (मेमरीतील बदल डिस्कवर लिहिणे) पूर्ण करावा लागतो, म्हणून ही मुदत १८० सेकंद ठेवली आहे. स्टिकीनेस (सेवा आहे तेथेच ठेवण्याचा कल) वाढवल्यामुळे दुरुस्त होऊन आलेला सर्व्हर भर कामकाजात सेवा परत ओढून घेत नाही; ती काउंटर बंद झाल्यावर हाताने हलवतो. पीसीएस या आदेश देण्याच्या साधनाच्या जुन्या आवृत्त्यांत मूव्ह आदेश सेवा कोठे चालावी याचे एक बंधन मागे ठेवून जातो, त्यामुळे नंतर क्लिअर आदेश द्यावा लागतो.

लॉग वाचणे मात्र अजूनही कष्टाचे आहे. एका फेलओव्हरचे कारण शोधायला दोन्ही सर्व्हरांचे लॉग वेळेनुसार जुळवत बसावे लागते.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि गावभागात पाणी शिरले, त्यामुळे एक सर्व्हर मिरजेला हलवून स्वयंचलित फेलओव्हर ठेवावा अशी संचालकांची सूचना आहे. परंतु पुरात दोन्ही गावांना जोडणारी लाइन तुटली की येथील सर्व्हर थांबवल्याची पावती मिरजेला मिळणार नाही. म्हणून मिरजेत क्लस्टरबाहेरची एक प्रत ठेवायची, आणि येथील दोन्ही सर्व्हर कोणीतरी प्रत्यक्ष बंद केल्याचे कळवल्यावरच ती हाताने चालू करायची, असे मी लेखी दिले आहे.