पाहुण्यांच्या हातातला फ्लाय रॉड : ११ महिन्यांनंतर

मासे धरायचा ९ फुटी, ६ नंबर (दोरीच्या वजनाचा आकडा), ४ तुकड्यांचा रॉड, सोबत रीळ आणि दोरी, मिळून १३,५०० रुपये. एवढंच लक्षात घ्या की हा सेट मी स्वतःसाठी घेतलेला नाही. नाशिकला वाइन चाखायला येणाऱ्या पाहुण्यांना मी सकाळी तीन तास फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-धाग्याच्या खोट्या माशीने (फ्लायने) मासे धरणं शिकवतो, दिंडोरी-निफाडकडच्या ओळखीच्या शेततळ्यांवर. धरणावर मच्छीमार सोसायटीला नाहीतर ठेकेदाराला विचारावं लागतं, शेततळ्याला मालकासोबत एक चहा पुरतो. म्हणजे हा रॉड दर शनिवार-रविवार नव्या हातात पडतो. त्या हिशेबाने वाचा.

आधी दोरीबद्दल. खरं तर बरंचसं दोरीबद्दलच.

मार्च झकास गेला. एप्रिल लागला आणि दोरी शिजलेल्या शेवयांसारखी लोळायला लागली. बोटांना चिकट, रॉडच्या कड्यांतून सरकायचं नाव नाही. फ्लायला स्वतःचं वजन जवळपास नसतंच, तिला दोरीच ओढून नेते. ६ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट जेमतेम १० ग्रॅम भरतात, सगळा खेळ त्या १० ग्रॅमवर. तीच अडखळली की पाहुणा जोर लावतो. मागे गेलेली दोरी सरळ व्हायच्या आत पुढे फटका मारतो आणि हूक जातो मागच्या द्राक्षबागेच्या तारेत. एका सकाळी मी नऊ वेळा तारेतून हूक काढला. पाहुणे म्हणाले, "सर, तुमचा रॉडच हलका दिसतोय." पैसे त्यांनी मोजले होते, मी हसलो.

विकणाऱ्याला फोन केला. "साबणाच्या पाण्याने धुवा." धुतली, दोन तास बरी चालली. मी रागाने रिव्ह्यूत एक स्टार ठोकला. तो आता निम्मा मागे घेतो, कारण मे महिन्यात डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. दोरी थंड पाण्याची होती! ट्राउट माशाच्या गार पाण्यात ती ताठरू नये म्हणून तिचं आवरण मऊ ठेवलेलं असतं. आपल्याकडच्या ४० अंशांत मऊचं लिबलिबीत होणारच. गरम हवेसाठी कडक आवरणाची दोरी वेगळी मिळते. दोष दोरीचा नाही. पण नाशिकचा पत्ता वाचून हीच पाठवणाऱ्याचा आहे, आणि डबा दोन महिन्यांनी वाचणाऱ्याचाही.

नवी दोरी ५,५०० ला. घरी चार हजार सांगितलेत.

पावसाळाभर तिची तक्रार नव्हती. डिसेंबरात निफाडचा पारा दहाच्या खाली उतरला आणि ही कडक दोरी रिळावरून स्प्रिंगसारखी वेटोळी घालत बाहेर यायला लागली. झाडाला बांधून ताणली की अर्धा तास सरळ राहते. शेवटी ज्या दोरीला शिव्या घातल्या तीच माळ्यावरून काढली, आणि तिने अख्खी थंडी सुरेख काढली.

दोन्ही दोऱ्यांचे शत्रू मात्र एकच. पाहुण्यांचे बूट आणि डासांचं मलम. डीटवालं मलम लावलेल्या हाताने दोरी धरली की आवरण विरघळायला लागतं, म्हणून आता आधी सगळ्यांना हात धुवायला लावतो. बुटांवर उपाय नाही. येवल्याची एक कॉलेजातली ताई तेवढी अपवाद. संक्रांतीला पतंगाची आसारी (मांजाची फिरकी) धरून वाढलेला हात, दोरी कधी सोडायची आणि कधी खेचायची ते सांगावंच लागलं नाही. पाच चिलापी काढून सोडल्या, दोरीवर पाय एकदाही नाही.

हूकच्या टोकाजवळचे उलटे काटे मी पकडीने दाबूनच देतो. ते माशासाठी जेवढं, तेवढंच तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदासाठी. ५०० मायक्रॉनचा कागद असला तरी मालक विचारतातच, "भाऊ, भोक पडलं तर भरणार कोण?" त्याच कागदावरून माणूस घसरला तर वर येणं मुश्कील, म्हणून आधी दोर बांधतो, मग रॉड जोडतो.

आता रॉड. दिवाळीनंतरच्या पहिल्याच बुकिंगला माशी शिंकली. एका काकांना मोठा गवत्या मासा लागला. काठाशी आल्यावर त्यांनी फोटोसाठी रॉड उभा धरून वर खेचला, टोक कट्कन. "वॉरंटी ग्राहकाच्या चुकीला नसते," हे कळायला सहा आठवडे आणि अकरा फोन लागले. नवा टोकाचा तुकडा ४,००० अधिक कुरिअर. त्यापेक्षा नाशिकच्या भद्रकालीत छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी चार इंच तुटलेलं टोक घासून साफ केलं, मी नेलेली शेवटची कडी गरम गोंदाने बसवली, चाळीस रुपये घेतले. टोक थोडं कडक झालंय, पण नवख्यांची दोरी उलट जास्त सरळ जाते. हे अजिबात अपेक्षित नव्हतं.

रिळाला ११ महिन्यांत काही झालं नाही. एकूण तीन स्टार, त्यातला एक चाचांचा.

या रविवारी चौघं येतायत, त्यातले एक अमेरिकेत ट्राउट धरून आलेले आहेत म्हणे. फेब्रुवारीत सकाळी सातला कानटोपी लागते आणि साडेदहाला ऊन चटके देतं. कुठली दोरी चढवायची ते अजून ठरत नाही.