गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचं आयपीएस किट: ब्राइटनेसचं काय?

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र) मूळ स्क्रीन काढून आयपीएस किट, म्हणजे स्वतःचा उजेड असलेल्या नव्या स्क्रीनचा संच, बसवलं आणि त्यावर भरपूर खेळून झालं. चित्र अप्रतिम दिसतं, त्यात वादच नाही. मला बोलायचंय ते ब्राइटनेसबद्दल, कारण हे यंत्र रोज हातात घ्यावंसं वाटेल की नाही, ते त्यावरच ठरतं.

किटसोबत एक टच सेन्सर येतो. तो कव्हरच्या आतून वरच्या कडेला चिकटवायचा. बाहेरून बोट टेकवलं की उजेड एक पायरी चढतो. उतरत मात्र नाही! शेवटच्या पायरीनंतर थेट पहिलीवर जातो. रात्री अंधारात खेळताना फक्त एक पायरी कमी हवी असली, तरी आधी पूर्ण झोत डोळ्यांवर घ्यायचा, मग पुन्हा खालून चढत यायचं. शिवाय खेळाच्या भरात बोट लागलं तरी उजेड बदलतो. हा सेन्सर मला अजिबात आवडला नाही.

खरी सोय आहे ती तीन तारांत. सिलेक्ट, एल आणि आर या बटणांचे आतल्या बोर्डावर टेस्ट पॉइंट (तार जोडता येईल असे धातूचे ठिपके) असतात, तिथे त्या सोल्डर करायच्या. मग सिलेक्ट धरून एल दाबला की उजेड कमी, आर दाबला की जास्त. गेम थांबवायचीही गरज नाही. पॉइंट बारीक आहेत. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावायचं रसायन) हवंच. येत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या, पण हे काम टाळू नका.

ही सोय सारखी लागते. २००१च्या मूळ स्क्रीनला स्वतःचा उजेडच नव्हता, म्हणून बऱ्याच गेम्सचे रंग मुद्दाम भडक उजळ ठेवलेले. पूर्ण ब्राइटनेसवर ते धुऊन निघाल्यासारखे फिके वाटतात. उलट 'कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून' इतकी काळोखी, की तिथे उजेड चढवावाच लागतो. चढवला की मागच्या भिंतीसुद्धा नीट दिसतात, आणि काय सुंदर काढल्यात!

बॅटरीचा हिशेब मात्र ठेवा. दोन एए सेलवर मूळ यंत्र १५ तासांच्या आसपास चालायचं, इथे तेवढं मिळत नाही. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे साध्या सेलपेक्षा कमी, त्यामुळे पूर्ण उजेडावर यंत्राचा हिरवा पॉवर दिवा लवकर लाल होतो, म्हणजे बॅटरी संपत आल्याचं दाखवतो. अशा वेळी दोन पायऱ्या उतरवल्या की पुष्कळदा तो पुन्हा हिरवा होतो आणि गेम सेव्ह करण्यापुरता वेळ आरामात मिळतो.