स्पर्श पोर्टल वीरपत्नीला कितपत साथ देतं?

जवान लढाईत शहीद झाल्यावर काही दिवस घरात माणसांची रीघ असते. ती ओसरली की कागदपत्रं उरतात, आणि त्यातलं पेन्शनचं सगळं काम आता स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर होतं. ही पेन्शन बँकेमार्फत न येता प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून थेट खात्यात जमा होते. आमच्या मते पैसे पोचवण्याचं काम स्पर्श चोख करतं. पण मुळात लष्कराच्या रेकॉर्डमध्येच चूक असेल तर पोर्टलवर ती फक्त दिसते, सुधारत नाही.

ई-पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा ऑनलाइन आदेश, हाती आल्यावर रकमेआधी पेन्शनचा प्रकार वाचा. युद्धात किंवा शत्रूच्या कारवाईत मृत्यू झाला असेल तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन मिळते, म्हणजे शेवटच्या पात्र वेतनाइतकी पूर्ण रक्कम. सेवेशी निगडित इतर कारणाने मृत्यू झाला असेल तर स्पेशल फॅमिली पेन्शन, 60 टक्के. साधी फॅमिली पेन्शन 30 टक्के, आणि सेवेत असताना मृत्यू झाल्यास पहिली 10 वर्षं 50 टक्के. बॅटल कॅज्युअल्टी (युद्धात किंवा शत्रूच्या कारवाईत मृत्यू) ऐवजी फिजिकल कॅज्युअल्टी (इतर कारणाने मृत्यू) अशी नोंद झाली की दर महिन्याला मोठा फटका बसतो. ही दुरुस्ती स्पर्शच्या सेवा केंद्रात होत नाही, जवानाची सेवानोंद ठेवणाऱ्या त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडेच लिहावं लागतं. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेकॉर्ड ऑफिस इथेच नागपूरजवळ कामठीला आहे, महार रेजिमेंटचं सागरला आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला.

नावाचा घोळ सर्वांत जास्त. लग्नानंतर नाव बदललेलं असतं, जवानाने रेकॉर्डला एक नाव कळवलेलं असतं आणि आधारवर माहेरचं नाव तसंच राहिलेलं असतं. चूक आधारमध्ये असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, ते लवकर होतं. रेकॉर्डमध्ये असेल तर प्रतिज्ञापत्र आणि विवाहाचा पुरावा जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवा. तिथे या कामाला पैसे पडत नाहीत. एजंटच्या नादी लागू नका.

मोबाइल नंबरचंही तसंच. पुष्कळ घरांत बँकेला, आधारला, सगळीकडे गेलेल्या जवानाचाच नंबर जोडलेला असतो. रिचार्ज थांबला की काही महिन्यांत सिम बंद पडतं आणि ओटीपी कुठेच येत नाही. म्हणून सिम चालू असतानाच सगळीकडे ताईंचा स्वतःचा नंबर टाकून घ्यावा. भासऱ्यांचा किंवा दिराचा नको. घरात एकोपा असला तरी लॉगिन तिच्याच हातात हवं, हे आम्ही आग्रहाने सांगू.

हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेवर तो भरताना सेवा केंद्रातला माणूस सवयीने जुन्या बँकेचं नाव निवडतो. मग दाखला तयार होतो, पण स्पर्शला पोचत नाही आणि पेन्शन थांबते. पेन्शनच्या प्रकारात 'फॅमिली' आणि वितरण संस्थेत 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स)', म्हणजे प्रयागराजचं तेच कार्यालय, असंच निवडायला सांगा. पीपीओ नंबर स्पर्शवरचा 12 अंकी टाकायचा. त्याच फॉर्मवर पुनर्विवाहाचा आणि नोकरीचा प्रश्न असतो. हा रकाना तिला न विचारता भरला जातो, ते मनाला लागतं आणि चुकीचं उत्तर गेलं तर पेन्शनवरही बेततं. पडद्यावर काय भरलंय ते स्वतः पाहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

काटोल, नरखेडकडे कापूस वेचणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायांचे अंगठे घासलेले असतात, यंत्र ते घेत नाही. अशा वेळी डोळ्यांचं स्कॅनर शोधा किंवा मोबाइलवरून चेहरा ओळखीने दाखला काढा. त्यासाठी जीवन प्रमाणबरोबर आधार फेस आरडी हे ॲपही लागतं. चेहऱ्यावर उजेड समोरून पडायला हवा. खिडकीकडे पाठ करून बसलं तर चेहरा काळा येतो.

पोर्टलवर मराठीत सोपं मार्गदर्शन हवं, ही आमची मुख्य तक्रार. दुःखातल्या बाईने 'रेकनेबल इमॉल्युमेंट्स' (म्हणजे पात्र वेतन) वाचून काय समजावं?

ऑपरेशनल ड्यूटीत मृत्यू झालेल्या जवानाच्या कुटुंबाची पेन्शन प्राप्तिकरातून मुक्त असते, म्हणून ई-पीपीओची प्रत कर सल्लागाराला द्या. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डासाठीही तीच प्रत लागते आणि वीरपत्नीला त्याची वर्गणी भरावी लागत नाही.